ऑगस्टमध्ये मुलाकडे ॲमस्टरडॅमला जावे का?

प्रश्न : आम्ही दोघे कोथरूडला राहतो, मी ६३ वर्षांची, हे ६८ वर्षांचे. आमचा मुलगा नऊ वर्षांपासून ॲमस्टरडॅमला असून गेल्या वर्षी त्याने तिथल्याच एका मुलाशी रीतसर लग्न केले. त्या लग्नाला आम्ही गेलो नाही, ही बोच मला आहे. आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या, असा त्याचा आग्रह आहे. त्याच आठवड्यात तिथे समलिंगी लोकांचा वार्षिक प्राइड उत्सव आणि होड्यांची मिरवणूक असते. ह्यांचे म्हणणे असे, की ते सारे आटोपल्यावर जाऊ आणि मुलाला तिकिटे महाग असल्याचे सांगू. गेलोच, तर आमच्यासारख्यांनी तिथे कसे वागावे? मुलाच्या जोडीदाराला काय म्हणून हाक मारावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : तारीख बदलू नये, असे मी स्पष्टच सांगते. मुलाने हा आठवडा विचार करून निवडला असणार. लग्नाला न आलेल्या आईवडिलांना तो पुन्हा एकदा बोलावतो आहे, आणि तिकिटांची सबब त्याला ऐकताक्षणी कळेल. यजमानांना संकोच वाटत असेल, तर तो त्यांनी स्वतः फोनवर बोलून दाखवावा. खरा संकोच मुलाला समजेल, खोटे कारण मात्र त्याच्या मनात घर करून राहील.

मिरवणुकीचे म्हणाल, तर लक्ष्मी रस्त्यावरचे गणपती विसर्जन पाहिलेल्या माणसाला तिथे फारसे काही शिकावे लागत नाही. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत सुमारे ऐंशी सजवलेल्या होड्या आम्स्टेल नदी आणि प्रिन्सेनग्राख्त या कालव्यातून जातात, आणि काठावर लाखो माणसे जमतात. १९९६ पासूनची ही प्रथा आहे. काठावरून पाहण्यास पैसे पडत नाहीत, पण जागा लवकर धरावी लागते. कालव्यावरचे पूल इतके ठेंगणे आहेत, की पुलाखालून जाताना होडीवरची नाचणारी मंडळी एकदम खाली वाकतात आणि पलीकडे निघताच पुन्हा उभी राहतात. लकडी पुलावर मेट्रोचा मार्ग झाला, तेव्हा त्याखालून गणपतीचे रथ जातील का, याची आपल्या मंडळांना लागलेली काळजी आठवली, तर हे दृश्य यजमानांनाही परके वाटणार नाही. काही होड्यांवर तोकड्या कपड्यांतली माणसे असतात, हे खरे आहे. परंतु त्याच काठावर लेकरांना खांद्यावर घेतलेले आईबाप आणि काठी टेकत आलेले आजीआजोबाही असतात, आणि आपण त्यांच्यातच उभे राहणार आहात. छत्रीऐवजी रेनकोट न्यावा, म्हणजे मागच्यांना दिसेल.

छायाचित्रांबाबत मात्र फार जपावे. मुलाच्या मित्रमंडळींत एखादा असा भारतीय तरुण असू शकतो, ज्याच्या घरी अजून काहीच ठाऊक नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या एका फोटोत मागे तो दिसला, तरी त्याच्यावर संकट ओढवेल. प्रत्येकाला विचारूनच फोटो काढावा, आणि तो कोणाला पाठवायचा हेही मुलालाच ठरवू द्यावे.

मिरवणुकीआधीच्या एखाद्या शांत सकाळी वेस्टरकेर्क चर्चशेजारी, नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या घरापासून जवळच असलेल्या होमोमॉन्युमेंट या स्मारकाकडे मुलाबरोबर जावे. गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण तिथे आहेत. नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे, त्याची ही आठवण. स्मारक १९८७ साली झाले. त्यातला एक त्रिकोण ओंकारेश्वराच्या घाटासारखा पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याकडे उतरतो, आणि लोक तिथे फुले ठेवतात. आपणही एक फूल ठेवावे. मुलाच्या या उत्सवामागे काय सोसणे आहे, ते तिथे उभे राहिल्यावर मला वाटते आपल्याला अधिक कळेल.

जोडीदाराला नावानेच हाक मारावी आणि अरे-तुरे करावे. पोटच्या मुलाला आपण तसेच बोलतो. ओळख करून देताना मात्र ‘मुलाचा मित्र’ म्हणू नये. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ पासून जगात सर्वांत आधी अशा विवाहांना मान्यता दिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती दिली नाही, म्हणून इथल्या कागदोपत्री या नात्याला जागा नाही. घरात ती देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

यजमान तरीही कचरत असतील, तर आधी पुण्यातच पाहावे. इथली पहिली प्राइड पदयात्रा ११ डिसेंबर २०११ रोजी निघाली. अलीकडे ती जूनमध्ये निघत आली आहे. जंगली महाराज रस्त्याच्या कडेला दोघांनी अर्धा तास उभे राहावे.

नेदरलँड्ससह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरुवात करावी. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. मुलाकडे उतरणार असल्याने पाहुण्यांना आपल्या घरी ठेवत असल्याचा डच फॉर्म त्याने तिथल्या पालिकेत साक्षांकित करून पाठवायचा असतो. पेढे, श्रीखंड, साजूक तूप असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. बाकरवडी न्यावी, आणि एक पुडा जोडीदाराच्या हाती वेगळा द्यावा.