बी.एस्सी., बी.एड. की आयटीआय? वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : मुलीला कृषी पदवीला प्रवेश मिळाला नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात साधी बी.एस्सी. केली तर ती वाया जाईल काय? (एक पालक, दारव्हा)

उत्तर : वाया जाणार नाही, मात्र कोणत्या कामाला कोणती पदवी नियमानेच लागते, हे आधी पाहावे. बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी या पदाला कृषी किंवा तत्सम शाखेची चार वर्षांची पदवी लागते, त्यामुळे ती वाट मुलीला बंद राहील. परंतु कृषी केंद्राचा परवाना केवळ कृषी पदवीधरांनाच मिळतो, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे; कीटकनाशकांच्या विक्रीसाठी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन झालेली विज्ञान पदवी चालते आणि खतांसाठीही रसायनशास्त्राची पदवी ग्राह्य आहे. कपाशीच्या पट्ट्यात ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात उधारीवर माल देऊन दिवाळीपर्यंत वसुलीची वाट पाहण्याइतके भांडवल असल्याशिवाय दुकान टाकू नये. मृद व पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांतही हीच पदवी उपयोगी पडते, पण तिथे प्रात्यक्षिकांचा हात लागतो. म्हणून महाविद्यालय निवडताना तिथली प्रयोगशाळा रोज उघडते का, एवढे स्वतः जाऊन पाहावे.

प्रश्न : मराठी घेऊन बी.ए. झालो आहे. बी.एड. करावे काय? (एक विद्यार्थी, मेहकर)

उत्तर : जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या वर्गांचा विचार असेल, तर करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालानंतर त्या वर्गांसाठी बी.एड. पात्रता उरलेली नाही, तिथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागते. नववी-दहावीच्या वर्गांसाठी बी.एड. हवेच, मात्र भाषा विषयाला स्पर्धा फार आहे. संस्थेत पैसे भरले की नेमणूक पक्की, असे सांगणाऱ्यांच्या नादी लागून शेत गहाण टाकू नये. तलाठी किंवा राज्यसेवेसाठी तुमची आजची पदवी पुरेशी आहे.

प्रश्न : दहावीनंतर मुलाला वीजतंत्रीचा आयटीआय करायचा आहे, नातेवाईक अभियांत्रिकीच म्हणतात. (एक पालक, वरोरा)

उत्तर : मुलाचे ऐकावे. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचेच प्रमाणपत्र लागते, अभियंत्याची पदवी त्याऐवजी चालत नाही. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे अभियांत्रिकीचा रस्ताही मोकळाच राहतो.