जागा बदलू नकोस

बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. पुरानंतर बारा क्वाड्रॅटपैकी (झाडं मोजायला आखलेल्या चौकटींपैकी) नऊ गाळाखाली, उरलेल्या तिन्हींच्या कोपऱ्यातल्या खुंट्या गायब. गाईड म्हणाले, डेटा गेला, आता गोरेवाड्याच्या जंगलात काहीतरी सोपं घे. आणि तू विचारतेस, विषय बदलू का?

काय विचारून राहिली तू हे? विषय काय होता तुझा? पूर आणि काठावरची झाडं. दारात वरात आली म्हणून मांडव सोडवायला घेतो का कोणी? जागा बदलू नकोस. पेंच जिथे कन्हानला मिळते त्या बिना संगमाखालचा तोच काठ, तीच वळणं.

खुंट्यांचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. पुढच्या वेळी लाकडी खुंटीवर विसंबायचं नाही. काठावरच्या दोन मोठ्या कहूंपासून टेपनं अंतर घ्यायचं, ते वहीत लिहायचं. (अर्जुन लिहिलंस तरी चालेल, पण तिथल्या मासेमार ढिवरांना विचारताना कहूच म्हण.) तुझ्या जुन्या फोटोंत ते दोन कहू दिसतात, मी पाहिलेत. त्यांच्यावरून निम्मे कोपरे सापडतील.

आता गाळ. काही खणून काढू नकोस. किती बोटं साचला ते झाडागणिक मोज, फांद्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकची उंची घे, कोणतं खोड कुठे कललं ते लिही. आणि शेजारच्या वावरात जाऊन विचार, पाणी किती दिवस उभं होतं. पाणी किती चढलं ते वर्तमानपत्र सांगतं, किती दिवस थांबलं ते शेतकरी सांगतो, कारण त्याची कापसाची पऱ्हाटी पिवळी पडलेली असते. झाडाचं मरण बहुधा त्या दिवसांत असतं. मुळांना श्वास लागतो, आणि ऑक्सिजन हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे 10,000 पट हळू पाण्यात पसरतो. मातीत होता नव्हता तेवढा एकदोन दिवसांत संपतो. मग काही झाडं खोडावर नवी मुळं फोडतात, काही मुळांत पोकळ्या करून वरची हवा खाली नेतात, काहींना यातलं काहीच जमत नाही. सागाला जमत नाही. कहू काठावर उगीच उभा नाही.

लव्हाळ्याचा दृष्टांत आपल्याला शाळेपासून पाठ. वाकतो म्हणून वाचतो म्हणे. थोडं उपटून बघ. खाली गाठी असतात. वरचं सगळं पुरानं ओरबाडून नेलं तरी गाठीतून पुन्हा कोंब येतो. शेरणी बघ, नदीतलं झुडूप, ती खडकाच्या फटीत मूळ रुतवते, पानं अरुंद ठेवते, फांद्या चिवट. पाणी तिच्या अंगावरून जातं. आणि करंजाची शेंग तरंगते, कहूचं पंखवालं फळ पावसाळ्याआधी गळून पुरासोबत जातं. म्हणजे तू ज्याला नासाडी म्हणतेस त्या गाळात पुढच्या पिढीचं बी पडलेलं असू शकतं. बेशरमाचं झुडूपही असेल त्यात. त्याचा तुटलेला तुकडा जिथे टेकतो तिथे रुजतो. कोण जिंकलं हे आज दिसणार नाही, म्हणून तर म्हणते, त्याच जागी परत जा.

आणि एकदाच नको. आता जा, डिसेंबरात जा, मे महिन्यात जा. मे महिन्यात विशेष. पुरात मुळं कुजलेलं झाड पावसाळाभर हिरवं राहतं, तुला वाटतं वाचलं. मग नागपूरचा उन्हाळा लागतो, अर्ध्या मुळांवर तहान भागत नाही आणि ते उभ्या उभ्या वाळतं. लोक म्हणतात, उन्हानं गेलं.

हे मला कसं कळलं ते सांगायला आवडत नाही. 1990 च्या हिवाळ्यात मी वर्धा नदीच्या काठावर झाडांची यादी केली होती, मोवाडच्या बाजूला. 30 जुलै 1991 ला त्या नदीनं मोवाड बुडवलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. मी गेले नाही तिथे. माणसं शोधत फिरणाऱ्यांमधून टेप घेऊन हिंडायचं? घरी तापानं फणफणलेलं पोर होतं, बसही नव्हती. यातलं एकही कारण खोटं नाही. त्या ऑगस्टात न गेल्याबद्दल मी आजही स्वतःला दोष देत नाही.

पण पुढच्या मे महिन्यात जायला काय झालं होतं? तेव्हा पोर बरं होतं, बसही होती. मी दुसरी सोपी जागा धरली होती, तुझ्या गाईडनी सुचवली तशीच. 1994 ला गेले तेव्हा काठभर बेशरम आणि बाभळी. कोणतं झाड पुरानं नेलं, कोणतं मागाहून वाळलं, कोणतं सरपणाला तुटलं, काही सांगता येईना. ती यादी अजून ट्रंकेत आहे.

तू म्हणशील, मग नाग नदी काय वाईट, घराजवळ आहे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तिनं काय केलं ते तू पाहिलंस. पण शहरात ती भिंतींमधून पळते, रोपाला धरायला काठच नाही. कन्हानला अजून काठ आहे. पेंचवर तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडले की संगमाखाली पाणी एकदम चढतं आणि एकदम उतरतं, पावसाच्या पुरासारखं सावकाश नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर तसंच झालं, आणि त्या वेळी मात्र मी गेले, तोंडाला मास्क लावून. आडव्या झालेल्या शेरणीला तीन आठवड्यांनी बुडापासून फुटवे आले होते. वही दाखवीन. तुझ्याच पट्ट्यातली आहे, म्हणून तर जागा बदलू नकोस म्हणते, नुसत्या हट्टानं नाही. बरं, थोडा हट्ट आहे.

गाईडशी मी बोलणार नाही, ते तुझं तू बघ. रविवारी सकाळी सहाला कामठीच्या स्टॅंडवर ये. मी खाली उतरणार नाही, गुडघा ऐकत नाही. वर बसून आकडे लिहून घेईन. टेप मी आणते. शंभर फुटी आहे, पण पहिले दोन फूट तुटलेत, प्रत्येक मापातून दोन वजा करायचे.

तुझी,
मॅडम