पणजोबा फौजेत होते. मुंबईजवळच्या एका गावात चर्चच्या आवारात त्यांना पुरलं, एवढंच घरात माहीत आहे. कबर कशी शोधावी?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, सुखरूप परत आले, १९५० नंतर कधीतरी वारले आणि गोराई-मनोरीच्या बाजूला कुठल्यातरी गावात त्यांना माती दिली. घरात एक पदक आहे आणि वर्दीतला एक फोटो. माहिती थोडी वाटली तरी पुरेशी आहे. माझ्या आईचे काका याहून कमी माहितीवर सापडले. खरं सांगायचं तर ते मला नाही, ज्यांच्याशी माझी ओळखदेखील नव्हती अशा माणसांना सापडले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. फौजेतला माणूस म्हणजे सरकारदरबारी कुठेतरी त्याच्या कबरीची नोंद असणारच, असं आपल्याला वाटतं. युद्धातल्या कबरींची जगभर निगा राखणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ साली सुरू झाली. तिची यादी घरबसल्या फुकट बघता येते आणि यादी खूप नीट ठेवलेली आहे. पण त्या यादीत फक्त ठरावीक तारखांच्या आत गेलेली माणसं येतात. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. जो शिपाई लढून घरी आला, ज्याने पुढे शेती केली, जाळी ओढली, नातवंडं खेळवली आणि पाच-दहा वर्षांनी घरच्या खाटेवर प्राण सोडला, तो या यादीत येत नाही. तुमचे पणजोबा त्यातलेच. त्यांचं नाव तिथे सापडलं नाही तर ‘ते फौजेत नव्हतेच की काय’ अशी शंका घेऊ नका.

तसंच खडकीचं. पुण्याजवळच्या खडकी वॉर सिमेटरीत दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची कायम देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या गेल्या. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावर १८०० हून जास्त नावं आहेत, पण ती माणसं तिथे पुरलेली नाहीत. ती भारत आणि पाकिस्तानातल्या जुन्या दफनभूमींत आहेत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही भिंतींवर पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांची नावं वाचायला मिळतात, कबरी मात्र नाहीत. कोरलेलं नाव दिसलं की आपला माणूस इथेच विसावलाय असं वाटून जातं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पणजोबा जहाजावर असते तर मी तुम्हाला मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जायला सांगितलं असतं, तिथे समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. तुमच्या बाबतीत वाट गावाकडेच जाते.

आता आईच्या काकांचं सांगतो, कारण तुमचं कोडं बरंचसं तसंच आहे.

आम्ही मूळ वसईचे. काका बॉम्बे सॅपर्समध्ये होते, म्हणजे पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग काढणं हे त्यांचं काम. युद्ध संपल्यावर ते परत आले, मनोरीच्या बाजूच्या एका गावातल्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्याच घरी राहिले. मूलबाळ झालं नाही. दोघं गेल्यावर त्या गावाशी आमचा संबंध तुटला. आईला लहानपणी त्यांनी खांद्यावर बसवून समुद्र दाखवलेला आठवतो, पण गावाचं नाव तिला सांगता येईना. वसईच्या आमच्या चर्चमध्ये त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद होती, मृत्यूची नव्हती. इथे तुमच्यासाठी पहिला धागा आहे: पणजीचं माहेर कोणतं? माणूस जिथे जन्मला तिथेच पुरला असेल असं नाही. तो ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत वारला, तिथल्या रजिस्टरात बघायचं.

माझ्या ऑफिसमधल्या एकाने त्याच्या पुण्यातल्या मेव्हण्याला हे सांगितलं, आणि मेव्हण्याने शेजारच्या एका निवृत्त हवालदारांना. ते सत्तरीतले गृहस्थ आपणहून खडकीला गेले, तिथलं रजिस्टर पाहिलं आणि मला फोन करून म्हणाले, ‘साहेब, तुमचे काका इथे नाहीत, आणि नसणंच बरोबर आहे.’ तारखांचा तो नियम मला त्यांनीच पहिल्यांदा समजावला. पदकाच्या कडेवर काही कोरलंय का ते बघायलाही त्यांनीच सांगितलं. बघितलं तर नंबर, हुद्दा आणि नाव, तिन्ही होतं. तुमच्याकडचं पदक खिडकीशी नेऊन हळूहळू फिरवत बघा. ब्रासो वगैरे लावू नका, घासून घासून ती बारीक अक्षरं जातात.

नंबर आणि पलटण कळली की त्या त्या रेजिमेंटच्या सेंटरला लिहिता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पणजोबांना पेन्शन मिळत असेल तर ती कधी बंद झाली, किंवा पणजीची कधी सुरू झाली, यावरून त्यांच्या मृत्यूची तारीख जवळपास हाती लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. पण युद्धापुरते भरती झालेले पुष्कळ जण पेन्शनशिवायच घरी आले होते, त्यामुळे तिथे काही मिळालं नाही तर खचू नका. महापालिकेकडे मृत्यूचा दाखला शोधणार असाल तर एक लक्षात ठेवा: दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला तो १९५७ साली. त्याआधी तिकडे कुणी वारलं असेल तर ठाणे जिल्ह्याचं दप्तर बघावं लागू शकतं.

तरी सगळ्यात मोठा आधार चर्चच्या दफन-रजिस्टरचाच. ऑफिस कधी उघडं असतं ते आधी फोनवर विचारा, फादरांना भेटा, आणि आपण कोण हे एका दमात सांगा. आमच्या वेळी फादरांनी गावातल्याच एका निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. बाई दर आठवड्याला येऊन जुन्या वह्यांची पानं नीट लावायचं काम करत होत्या, कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी पैसेही देत नव्हतं. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. पानं कडेला तपकिरी, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, फादरांची सही, असे रकाने. बाई पानावर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकत होत्या. आडनावावर भिस्त ठेवू नका असं त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं, आणि लगेच प्रत्यय आला: एकाच पानावर तीन परेरा, त्यातल्या दोघांचं पाळण्यातलं नावही एकच. काका ओळखता आले ते काकींच्या नावावरून. म्हणून जाताना पणजीचं नाव, पणजोबांच्या आईवडिलांची नावं आणि गावात तुमच्या घराला काय म्हणत ते, इतकं तरी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काढून घ्या.

रजिस्टर वाचताना गोंधळ होतो तो भाषेचाही. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये सापडतात. शिवाय १९२८ पर्यंत मुंबई-साष्टीत (साष्टी म्हणजे आजची उपनगरं) चर्चवर दुहेरी अधिकार होता. काही चर्च पाद्रोआदोखाली, म्हणजे पोर्तुगीज राजवटीच्या आश्रयाखाली होती, काही थेट रोमच्या प्रोपगंडा या धर्मप्रसार खात्याखाली. तुमच्या पणजोबांचा मृत्यू नंतरचा आहे, पण बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची नोंद शोधायची झाली तर एकाच भागात दोन चर्चची रजिस्टरं चाळावी लागतील.

रजिस्टरात काका मिळाले, दफनाची तारीख मिळाली. कबर कुठे हे मात्र त्यात नव्हतं. आवारात बघावं तर रांगेने पांढरे क्रूस. खाऱ्या हवेने लोखंडी क्रूस गंजून गेलेले, आणि सिमेंटच्या क्रुसांवर दरवर्षी चुना मारून मारून अक्षरं बुजलेली. बाई म्हणाल्या, ‘आता दोन नोव्हेंबरला या.’

त्यांचा हा सल्ला मी तुम्हालाही देतो. २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. एरवी ज्या दफनभूमीत चिटपाखरू नसतं तिथे त्या दिवशी गावातलं घरन् घर असतं. लोक कबरी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात, फादर फिरून आशीर्वाद देतात. कुठली कबर कुणाची हे सांगणारी माणसं एकाच वेळी एकाच जागी भेटण्याचा वर्षातला हाच दिवस. मी फोटोची मोठी प्रत काढून नेली होती. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि लुगडं नेसलेल्या एका आजीपाशी थांबली. नाव वाचून तिला काही कळलं नाही. फोटो बघून म्हणाली, ‘हा मिल्ट्रीवाला. ह्याला कोटासकट पुरला. पितळेची बटणं होती.’ ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि तशी बटणं तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. काठी टेकत टेकत तिने मला विहिरीच्या बाजूच्या भिंतीपाशी नेलं आणि एका बिननावाच्या क्रुसाला हात लावला.

कबर खोदणारा मुलगा तिथेच होता. त्याने पाण्याची बादली आणली आणि ओलं फडकं क्रुसावर बराच वेळ गुंडाळून ठेवलं, मग मऊ ब्रशने चुन्याचे पापुद्रे सोडवले. तुम्हीही असंच करा. तारेचा ब्रश, खिळा, ॲसिड यातलं काहीही लावू नका. जुनी अक्षरं एकदा गेली की गेली. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही, कडेला आडवा धरला की खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. आधी नंबर दिसला. काकींनी नवऱ्याचा फौजेतला नंबर नावाच्या वर कोरून घेतला होता. मी पदक खिशातून काढून ताडून बघितलं आणि आईला फोन लावला.

एक कटू गोष्ट सांगणं भाग आहे. मुंबईत जागा कमी, त्यामुळे पुष्कळ चर्चमध्ये कायमच्या कबरी मोजक्या कुटुंबांच्या आणि बाकीच्या तात्पुरत्या असतात. तात्पुरती कबर काही वर्षांनी उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक जागी ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. पणजोबांची कबर कोणत्या प्रकारची होती हे फादरांना थेट विचारा. तात्पुरती असेल तर कोनाड्यांवरच्या पाट्या वाचा. तिथेही नाव नसेल तर रजिस्टरातल्या ओळीची रीतसर प्रत मागून घ्या, आणि त्या चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा (प्रार्थनाविधी) ठेवा. ते त्याच मातीत आहेत.

आणि गावात विचारपूस करताना पहिल्याच वाक्यात सांगून टाका की तुम्हाला फक्त कबर हवी आहे, जमीन नाही. हे मी कळकळीने सांगतो. या गावठाणांत जमिनीवरून इतकी घरं होरपळली आहेत की शहरातून आलेला अनोळखी माणूस जुन्या पिढीची नावं विचारू लागला की लोक गप्प होतात, आणि त्यांचं चुकत नाही. फोटो दाखवा, पदक दाखवा, मेणबत्ती लावायची आहे म्हणा. मग तीच माणसं हातातलं काम टाकून तुमच्याबरोबर चालू लागतात. पैसे आधी पुढे करू नका. नंतर चर्चच्या दफनभूमीच्या देखभालीसाठी जे द्यावंसं वाटेल ते पावती घेऊन द्या.

पावसाळ्यात दफनभूमीत जाण्यात अर्थ नाही, कमरेएवढं गवत असतं. रजिस्टर मात्र जून-जुलैतही बघता येतं, ते काम आत्ताच उरका. मनोरीला मार्व्याहून बोट आहे, गोराईला बोरिवलीच्या जेट्टीवरून. पणजीचं माहेर आणि पदकावरचा नंबर कळला की खाली लिहा. त्या बाई अजून चर्चमध्ये येतात, आजूबाजूच्या पॅरिशमधल्या लोकांशीही त्यांची ओळख आहे. मी तुमचा कागद त्यांच्यापर्यंत पोचवतो.