आजार उलटला, तरी केमो डे-केअरमध्ये?

प्रश्न : यजमानांना (वय ५४) डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) होता. आर-चॉप या केमोच्या ६ सायकल (फेऱ्या) झाल्या, अकरा महिन्यांनी मानेत पुन्हा गाठ आली. आता आर-जीडीपी ही दुसरी केमो द्यायचं ठरलंय, तेही भरती न करता. आजार उलटलेला असताना हे उपचार कमी पडणार नाहीत ना? घरी काय सांभाळायचं? – एक वाचक, सांगोला

उत्तर : भरती केलं नाही म्हणून कमी पडणार नाहीत. पूर्वी अशा रुग्णाला बहुधा भरती करून डीएचएपी नावाची केमो देत. कॅनडातल्या संशोधकांच्या गटाने ६१९ रुग्णांवर डीएचएपी आणि जीडीपीची तुलना केली. २०१४ साली निष्कर्ष आले. गुण सारखाच, आणि जीडीपीत त्रास व भरतीची वेळ कमी. मात्र वॉर्डातली नर्स जे पाहते, ते आता तुम्हाला पाहायचं आहे.

पहिल्या दिवशी रिटुक्सिमॅब, जेमसायटाबिन आणि सिसप्लॅटिन. आठव्या दिवशी फक्त जेमसायटाबिन. २१ दिवसांनी पुढची सायकल. जेमसायटाबिन अर्ध्या तासात जातं. त्रास होऊ नये म्हणून 'सलाईन सावकाश सोडा' असं नर्सला सांगू नका. हे औषध रेंगाळलं तर रक्तातल्या पेशी जास्त घटतात.

चूक होते ती डेक्सामेथासोनमध्ये (जीडीपीतला 'डी', घरी घ्यायची स्टेरॉइडची गोळी). रोज ४० मिलिग्रॅम, चार दिवस. गोळी ४ मिलिग्रॅमची असेल तर सकाळी नाश्त्यानंतर एकदम दहा गोळ्या! आकडा पाहून घरचे दचकतात आणि एकच देतात. दुकानात अर्ध्या मिलिग्रॅमचीही गोळी असते, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचाच. संध्याकाळी घेतली तर रात्रभर डोळा लागत नाही. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर झपाट्याने चढते, रोज तपासा.

सिसप्लॅटिन मूत्रपिंडावर बसतं. हृदयविकार नसेल तर दोन-तीन दिवस रोज दोन-अडीच लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. अंगदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको. कानात गुणगुण, बोटांना मुंग्या आल्या तर पुढच्या डोसआधी सांगा. उलटी दुसऱ्या ते पाचव्या दिवशीही येते, तेव्हा बरं वाटलं म्हणून उलटीच्या गोळ्या सोडू नका. पाणीच पोटात ठरत नसेल तर त्याच दिवशी सलाईनला जा.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की, रात्रीचे दोन वाजले तरी, निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. ताप उतरतो, जंतुसंसर्ग तसाच वाढतो. सांगोल्याहून मोठं रुग्णालय लांब, म्हणून जवळ रात्री अँटिबायोटिक शिरेतून कुठे देतात ते आजच विचारून ठेवा. फाइल आणि गाडीवाल्याचा नंबर दाराशी.

प्रश्न : आठव्या दिवशी प्लेटलेट्स कमी आल्या, डोस रद्द झाला. पुढच्या आठवड्यात भरून काढतात का?

उत्तर : नाही. जेमसायटाबिनने प्लेटलेट्स पडतातच. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गाळतात. गाळलेला डोस गेला तो गेला. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) सातव्या दिवशीच गावात करून अहवाल पाठवा, फुकटची खेप वाचते. दोन-तीन सायकलनंतर पेट स्कॅन (आजार कुठे उरलाय ते दाखवणारा स्कॅन) होतो. गाठी विरल्या तर रुग्णाच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) गोळा करून प्रत्यारोपणाचं ठरतं.