मागच्या सीटवरचा संशय

मुंबईतल्या टॅक्सीचालकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देते आहे. चालकांचे खटले लढवणारी वकील म्हणून हे प्रश्न मला नवे नाहीत.

प्रश्न : ताई, कुर्ला टर्मिनसबाहेर एकजण म्हणाला, "मी येत नाही, ही बॅग तेवढी वाशीला पोचवा." मीटरच्या दुप्पट देत होता. मी नाही म्हटलं. भाडं नाकारल्याची तक्रार झाली तर?

उत्तर : झाली तरी घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १७८ प्रवाशाला नाकारण्याबद्दल आहे, आणि बॅग म्हणजे प्रवासी नव्हे. तिच्यात अमली पदार्थ निघाले असते, तर माल तुमच्या ताब्यात सापडला असता. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात जप्त झालेली गाडी सोडवायला 'मला ठाऊक नव्हतं' एवढं पुरत नाही. मालकाने आणि चालकाने वाजवी काळजी घेतली होती, हेही सिद्ध करावं लागतं. तुम्ही ती घेतलीत.

प्रश्न : मागे बसलेले दोघे फोनवर मोर्चा, सरकार, आंदोलन असं बोलत होते. एकाला दाढी. गाडी थेट पोलीस चौकीत न्यायला हवी होती का? भाऊ म्हणतो, २६/११ विसरलास का?

उत्तर : भावाची काळजी मला कळते. त्या रात्री विलेपार्ले आणि वाडीबंदरला टॅक्सींमध्ये ठेवलेले बॉम्ब फुटले, त्यात चालकही गेले. पण सीएसएमटीवरच्या छायाचित्रातला कसाब आठवा : कार्गो पँट, पाठीवर सॅक, दाढी नाही. २५ ऑगस्ट २००३ला गेटवेपाशी जी टॅक्सी फुटली, तिच्यातलं भाडं म्हणजे नवरा, बायको आणि मुली होत्या. चेहऱ्यावरून कुणाला संशय आला असता? चालक जेवायला गेला होता म्हणून वाचला, आणि त्यानेच पोलिसांना त्या कुटुंबाची माहिती दिली. त्यावरून तपास पुढे सरकला. त्याच्या कामी आली ती नजर आणि आठवण.

उलट फेब्रुवारी २०२०मध्ये मुंबईतल्या एका अॅप-टॅक्सीचालकाने नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनाबद्दल फोनवर बोलणाऱ्या एका कवीसाठी वाटेतच पोलीस बोलावून आणले. त्या माणसाने गुन्हा काहीच केला नव्हता. सरकारवर टीका करणं हा त्याचा हक्क आहे, तुमचाही आहे. गाडीत बसलेला माणूस तुमच्या भरवशावर बसलेला असतो. तो भरवसा दाढीवरून, नावावरून किंवा मतावरून मोडणं मला अन्याय वाटतो. मारण्याचा बेत, हत्यार, रक्त असं काही कानावर वा नजरेस पडलं तर मात्र क्षणभर थांबू नका.

प्रश्न : एका माणसाबरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. सारखी रडत होती, त्याचं नावही तिला सांगता येईना. पोलिसांत गेलं की दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून गप्प बसलो. झोप येत नाही.

उत्तर : धंदा बुडतो, हे खरं आहे. तरी आजच १०९८वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. तारीख, वेळ, कुठून कुठे सोडलं, आठवेल ते सगळं सांगा. उशीर झाला म्हणून लाजू नका. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल किंवा तशी भीती वाटत असेल, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. प्रामाणिकपणे कळवलेली शंका खोटी ठरली, तरी कायदा तुम्हाला संरक्षण देतो. पुढच्या वेळी प्रवास चालू असतानाच, सिग्नलला गाडी थांबली की ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा. त्या माणसाशी एकट्याने भांडू नका. मुलगी त्याच्याच हाताशी बसलेली असते.

प्रश्न : डिकीत कुणाची तरी बॅग राहिली. उघडून बघू का?

उत्तर : नको. गाडी मोकळ्या जागी उभी करा, लांब जा, माणसं लांब ठेवा आणि ११२वर सांगा.