प्रश्न: वडिलांना पार्किन्सन्स आहे. या आजाराचं जनुक '४क्यू२१' वर सापडलं असं वाचलं. जनुकच माहीत नसताना त्याची जागा कशी सापडते?

उत्तर: आधी पत्ता वाचू. चौथं गुणसूत्र, त्याचा लांब बाहू म्हणजे क्यू, त्यावरच्या दुसऱ्या विभागातला पहिला पट्टा. 'एकवीस' नाही, 'दोन-एक' म्हणायचं.

मी ठाण्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा भाग मी फळ्यावर ट्रान्सहार्बर लाइन काढूनच शिकवते. ठाणे ते वाशी रूळ कुठेही एकदा तोडला, तर ठाणे आणि वाशी दर वेळी वेगळे पडतील. घणसोली आणि कोपरखैरणे मात्र क्वचितच, कारण तुटायला त्यांच्यामध्ये जागाच थोडी. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या अशाच तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून डीएनएवरच्या ज्ञात खुणा घ्यायच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणती खूण आजाराची साथ सोडत नाही ते बघायचं. ती खूण म्हणजे जनुकाची शेजारीण. ही साथ निव्वळ योगायोग नाही, याच्या बाजूने १००० ला १ असा कौल आला (लॉड गुणांक ३) की जागा मानली जाते.

यासाठी मोठं कुटुंब लागतं. दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावचं एक कुटुंब होतं, त्यातले बरेच जण अमेरिकेत गेलेले. पिढ्यान्‌पिढ्या पार्किन्सन्स, तोही बऱ्याचदा पन्नाशीच्या आत. या माणसांनी रक्त दिलं, घरातल्या आजारपणाची सगळी हकिगत सांगितली. त्यावरून १९९६ मध्ये पॉलिमेरोपुलस आणि सहकाऱ्यांनी आजाराची जागा चौथ्या गुणसूत्रावर दाखवली. मला या शोधात सगळ्यात मोठं काम त्या कुटुंबाचंच वाटतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, पार्किन्सन्सशी संबंध नसलेल्या कामात, अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचं जनुक ४क्यू२१ वर नोंदलं गेलं होतं. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या सिनॅप्सच्या टोकाशी, रासायनिक निरोपाच्या पिशव्यांजवळ हे प्रथिन असतं. दोन्ही पत्ते एकाच भागातले निघाले. १९९७ मध्ये ते जनुक वाचलं, तेव्हा त्या कुटुंबातल्या रुग्णांत प्रथिनाच्या साखळीतल्या १४० कड्यांपैकी (प्रत्येक कडी म्हणजे एक अमिनो आम्ल) ५३वी बदललेली सापडली: अ‍ॅलॅनिनच्या जागी थ्रिओनिन. काही ग्रीक कुटुंबांतही तोच बदल होता.

आता वडिलांबद्दल. हा बदल फार दुर्मीळ आहे आणि बहुतेक रुग्णांत तो नसतो, त्यामुळे लगेच जनुकतपासणीसाठी धावू नका. पण त्याच वर्षी कळलं की ज्यांच्यात हा बदल नाही अशा रुग्णांच्या मेंदूतल्या 'लुई बॉडी' नावाच्या गाठोड्यांतही हेच प्रथिन साचलेलं असतं. म्हणजे एका कुटुंबाच्या रक्तातून लागलेला धागा तुमच्या वडिलांपर्यंतही पोहोचतो. लक्षणं कितव्या वर्षी सुरू झाली, आजी-आजोबा, काका-आत्या यांपैकी कुणाला कंप होता का, हे आईला किंवा आत्याला विचारून कागदावर लिहा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. तपासणी करायची की नाही हे त्या कागदावरून ठरवणं त्यांना सोपं जाईल.