इंग्लंडचा डबा, मुलुंडची गच्ची

प्रश्न : मुलगा इंग्लंडहून कायमचा परत आला. येताना त्याने तिथल्या फ्रीसॅट या उपग्रह टीव्हीचा डबा (सेट-टॉप बॉक्स) आणला आहे. तिकडे महिन्याचे पैसे न भरता बीबीसी, आयटीव्ही सगळं दिसायचं म्हणे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर छत्री लावून तो डबा इथे चालेल का? घरात इंग्रजी मालिका बघायची हौस सौभाग्यवतींना, आणि बिल बघून घाम मला. केबलवाला म्हणतो, "काका, सोडा तो नाद." तो आपल्या धंद्यासाठी असं बोलतोय का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : या वेळी केबलवाला खरं बोलतोय. (मी स्वतः लालबागला केबलची कंट्रोल रूम चालवली आहे, त्यामुळे हे वाक्य लिहिताना अंमळ समाधानही वाटतंय.)

गंमत अशी की, ज्या उपग्रहांवरून फ्रीसॅट येतं ते तुमच्या गच्चीवरून आभाळात असतातच. ते २८.२ अंश पूर्व रेखांशावर आहेत. मुंबईतून पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून साधारण ३५ अंश वर. मध्ये डोंगर नाही, काही नाही. पण उपग्रह वर असणं वेगळं आणि त्याचा सिग्नल आपल्यावर पडणं वेगळं. अंधारात कुणी टॉर्च शेजारच्याच्या पायाशी धरला, तर टॉर्च आपल्याला दिसतो, पण आपली वाट काही उजळत नाही. बीबीसीचा झोत ब्रिटन-आयर्लंडवर रोखलेला आहे. गच्चीभर छत्री लावलीत तरी सिग्नल मोजायच्या मीटरवर क्वालिटी शून्यच येणार.

झोत इतका आखूड का, तर पैशांमुळे. सिनेमे आणि सामने यांचे हक्क ते ब्रिटनपुरते विकत घेतात. २००३च्या जुलैपासून बीबीसीने उपग्रहावरचे आपले चॅनेल कोड न लावता, म्हणजे कार्डाशिवाय दिसतील असे, सोडले. कार्डाचा खर्च वाचला, पण मग सिग्नल परदेशात सांडून चालणार नव्हतं, म्हणून अरुंद झोताचा ॲस्ट्रा २डी हा उपग्रह निवडला. फ्रीसॅट आलं ते त्यानंतर, २००८ साली, बीबीसी आणि आयटीव्हीने मिळून काढलेलं. तरीही स्पेनमध्ये जाऊन राहिलेले ब्रिटिश लोक मोठमोठ्या छत्र्या लावून घरचे कार्यक्रम बघत. २०१४मध्ये चॅनेल नव्या उपग्रहाच्या आणखी आवळलेल्या झोतावर गेले आणि त्यांतल्या पुष्कळांच्या छत्र्या निकामी झाल्या. स्पेनची ही कथा, तर मुलुंडचं काय घेऊन बसलात! आणि 'फुकट' म्हणाल, तर तिकडे टीव्ही बघायला दरवर्षी लायसन्स फी भरावी लागते. मुलाला विचारा, घरमालक भरत असेल.

तुमच्या पत्रात एक जुनी आठवण दडलेली दिसते, ती बहुधा १९९१ची. त्या वर्षी स्टार टीव्ही सुरू झालं तेव्हा त्याचे चॅनेल खरोखरच उघडे होते : इंग्रजी स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसी आणि एक चिनी. मोठी छत्री एशियासॅट १कडे वळवली की सगळं पडद्यावर. आमच्याकडे चाळीत चिनी चॅनेलसुद्धा लोक बघत बसायचे, आवाज बंद करून. (तो उपग्रह खरं तर सेकंडहँड माल. वेस्टार ६ या नावाने चुकीच्या कक्षेत अडकलेला, १९८४मध्ये अमेरिकन स्पेस शटलने खाली आणलेला, आणि १९९०मध्ये एशियासॅट १ म्हणून पुन्हा वर गेलेला.) पण तेव्हाही तुम्ही दरमहा पैसे देतच होता. ते चॅनेलला न जाता आमच्या खिशात यायचे, एवढाच फरक. पुढे चॅनेल एकेक करून कोडमध्ये गेले.

आता आज काय मिळतं ते बघू. आपल्याकडचं फ्रीसॅट म्हणजे डीडी फ्री डिश. २००४च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेलं, आता ९३.५ अंशांवरच्या जीसॅट १५वरून येतं. छत्री आणि डबा मिळून २००० रुपयांच्या आसपास खर्च, तोही एकदाच. डबा एमपीईजी-४ या नव्या पद्धतीचा घ्या. जुन्या एमपीईजी-२च्या डब्यावर सगळे चॅनेल दिसत नाहीत. सह्याद्री आहे, हिंदी भरपूर आहे. इंग्रजीत मात्र बातम्या आणि चर्चा : डीडी इंडिया, शिवाय संसद टीव्हीवर हिंदीबरोबर इंग्रजी. मालिका नाहीत, आणि येतील असं मला वाटत नाही. फ्री डिशवर खासगी चॅनेलवाले लिलावात बोली लावून जागा घेतात आणि तो खर्च जाहिरातींतून काढतात. हिंदी सिनेमाच्या चॅनेलला ते परवडतं. तुमच्या सौभाग्यवतींसारखे प्रेक्षक देशभरात मूठभर, त्यांच्या जिवावर कोण बोली लावणार? पैसे घेऊनही काही इंग्रजी चॅनेल टिकले नाहीत. एएक्सएन आणि एचबीओ दोन्ही आपल्याकडे २०२०मध्ये बंद झाले.

सहा-आठ फुटी सी-बँड (उपग्रहांचा एक जुना फ्रिक्वेन्सी पट्टा) छत्री लावली तर परदेशी उघडे चॅनेल सापडतात, त्यांत काही इंग्रजीही. हौशी लोक अजून शोधतात, रात्र-रात्र ब्लाइंड सर्च (डब्याने आपणहून चॅनेल हुडकणं) लावून बसतात. मी तुम्हाला ते करा असं सांगणार नाही. एक तर पावसाळ्यातल्या वाऱ्यात एवढी छत्री गच्चीवर धरून ठेवणं सोपं नाही. दुसरं, ५जीला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला आणि सी-बँड सुरू होतो ३७००पासून. जवळ मोबाइलचा टॉवर असला की जुना एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) त्या आवाजाने बहिरा होतो. फिल्टर बसवावा लागतो. आणि एवढं करून हाती काय, तर बहुतेक बातम्याच. डॉइच वेले, फ्रान्स २४ आणि अल जझीरा इंग्रजी यूट्यूबवर चोवीस तास फुकट दिसतात, एनएचके वर्ल्ड जपान त्यांच्या ॲपवर. घरात इंटरनेट आहे ना?

मालिकांसाठी एकच व्यवहारी उपाय, आणि तो फुकट नाही. २०१९पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने प्रत्येक पे चॅनेलची किंमत सुटी लिहावी लागते. केबलवाल्याकडून पॅक काढून टाका आणि सौभाग्यवतींना हवे ते दोन-तीन इंग्रजी चॅनेल सुटे घ्या. तो पॅकच गळ्यात मारायला बघेल. तुम्ही यादी कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

प्रश्न : स्टेशनबाहेरच्या दुकानात एक डबा मिळतो. 'लाइफटाइम, सगळे इंग्लिश चॅनेल, नो रिचार्ज.' घेऊ का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : नको. दुसऱ्या कुणाच्या कार्डाच्या, कोड उघडणाऱ्या चाव्या इंटरनेटवरून चोरून त्यात भरलेल्या असतात, नाहीतर चोरीचं स्ट्रीमिंग असतं. चावी बदलली की पडदा काळा. तक्रार करायला जाल तर दुकानदार म्हणेल, कुठला डबा?

प्रश्न : फ्री डिश छान चालू होती. शेजारच्या चाळीचा पुनर्विकास झाला, टॉवर उभा राहिला आणि आता 'नो सिग्नल'. मेकॅनिक म्हणतो एलएनबी गेला. पण टॉवर तर छत्रीच्या तोंडासमोर नाही, तिच्यापेक्षा बराच वर आहे. खरं काय?
– एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : एलएनबी तपासायला हरकत नाही. मेकॅनिककडे दुसरा असेलच, लावून बघायला पाच मिनिटं. पण माझा संशय टॉवरवर आहे, कारण छत्रीचं तोंड फसवं असतं. घरगुती छोटी छत्री ऑफसेट असते, एलएनबी खालच्या बाजूला पुढे आलेला. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. मुंबईतून जीसॅट १५ आग्नेयेला, साधारण ५८ अंश उंच आहे. छत्री बघून वाटतं ती समोरच्या खिडकीत डोकावतेय. प्रत्यक्षात ती खिडकीच्या कितीतरी मजले वर बघते आहे.

हिशेब करा. छत्रीपासून आग्नेयेला टॉवर जेवढ्या मीटरवर, त्याच्या १.६ पट उंचीवर आभाळ मोकळं लागतं. टॉवर २० मीटरवर असेल आणि छत्रीच्या पातळीपेक्षा ३२ मीटरहून उंच असेल, तर सिग्नल अडणारच. मोबाइलमधलं कंपास उघडा, १३१ अंशांकडे तोंड करून उभे राहा, मान वर करा. त्या उंचीवर आभाळ दिसलं तर दोष वायरीत किंवा एलएनबीत. सिमेंट दिसलं तर मेकॅनिकला पैसे देऊ नका.

मग एक तर छत्री गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात मागे सरकवा. दर मीटरला १.६ मीटर उंची पदरात पडते. नाहीतर ती आग्नेयेच्या रेषेतून बाजूला घ्या, टॉवरच्या कडेवरून आभाळ मोकळं मिळतं का बघा. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा. वायर आरजी-६ जातीचीच वापरा, आणि बाहेरच्या कनेक्टरवर पाणी न शिरणारी टेप मेच्या शेवटी गुंडाळून घ्या. प्रभादेवीच्या खाऱ्या हवेत उघडा कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवा पडतो, आणि मग मेकॅनिक पुन्हा म्हणणार, एलएनबी गेला.